मोटरसायकलच्या दिव्यांतील दोष आणि त्यांचा शोध

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपत नाही. शेतकरी दिवसभर शेतावर असतो. म्हणून बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक असो की कीडनियंत्रणाची चर्चा असो, गावची बैठक बहुधा रात्रीच्या जेवणानंतरच भरते. शेतकऱ्यासही रात्रीचा प्रवास चुकत नाही. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळत असेल, तर पिकाला पाणी देण्यास त्याला रात्रीच निघावे लागते. दूध संकलन केंद्रावर पोचवायचे असेल, तर पहाटेच्या अंधारातच किटल्या बांधाव्या लागतात. 1952 साली सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, त्या काळी ग्रामसेवक सायकलवर गावे फिरत असे. आज सायकलची जागा मोटरसायकलने घेतली आहे, आणि खेड्यातील मोटरसायकल ही पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे वापरलेली असते.

अशा गाडीच्या इंजिनाकडे मालक लक्ष देतो, कारण इंजिन बंद पडले तर गाडी जागची हलत नाही. दिवा मंद झाला तरी गाडी चालतेच, म्हणून दिव्याची दुरुस्ती पुढील बाजाराच्या दिवसावर ढकलली जाते. ही चालढकल धोक्याची आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास सुमारे 11 मीटर अंतर कापते. दिव्याचा प्रकाश वीस मीटरपर्यंतच पोचत असेल, तर समोरची वस्तू दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच त्यातील बहुतेक अंतर संपलेले असते.

प्रस्तुत लेखकास हा धडा अनुभवाने मिळाला. ऊसतोडणीचा हंगाम होता. रात्रीची बैठक आटोपून परतताना मोटरसायकलचा पुढचा दिवा एकाएकी प्रखर झाला आणि विझला. पाठोपाठ मागचाही विझला. रस्त्याच्या कडेला, मागे दिवा वा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली उभी होती. लोंबणारे वाढे खांद्याला घासून गेले, तेव्हाच तिचे अस्तित्व कळले. एक हात अंतर कमी असते, तर हा लेख लिहिला गेला नसता. त्या महिन्यात तो बल्ब तिसऱ्यांदा गेला होता. प्रत्येक वेळी नवा बल्ब घालून गाडी परत मिळत होती. बल्ब का जातो हे कोणी पाहिले नव्हते, आणि प्रस्तुत लेखकानेही कधी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी, विहिरीवरील मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका शेतकरी बंधूंनी पंधरा मिनिटांत दोष दाखवून दिला. रेग्युलेटरची अर्थची वायर जेथे सांगाड्याला कसलेली असते, तेथील बोल्ट ढिला होऊन गंजला होता. तो घासून कसला, आणि त्यानंतर बल्ब गेला नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार दिव्यांच्या दुरुस्तीत वारंवार घडतो. दोष एका ठिकाणी असतो आणि पैसा दुसऱ्याच भागावर खर्च होतो. दोष क्रमाने शोधला, तर बहुतेक वेळा तो एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडात सापडतो आणि घरच्या घरी दूर करता येतो. हा क्रम कोणता, ते पुढे दिले आहे.

विजेचे दोन मार्ग

प्रथम आपल्या गाडीत वीज कोठून येते व कोणत्या वाटेने जाते, हे समजून घेतले पाहिजे. इंजिन फिरू लागले की फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलभोवती फिरतात आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ही वीज प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. स्वरूपाची असते. 1985 साली आलेली सी.डी. 100, 1994 साली आलेली स्प्लेंडर आणि त्या धर्तीच्या चार-स्ट्रोक गाड्या खेड्यांत आजही मोठ्या संख्येने दिसतात. या वर्गातील बहुतेक जुन्या गाड्यांत विजेचे दोन मार्ग केलेले असतात. एका मार्गाने ए.सी. वीज सरळ पुढच्या दिव्याला, मागच्या दिव्याला व मीटरच्या दिव्याला जाते. दुसऱ्या मार्गाने ती रेक्टिफायरमधून जाऊन एकदिश, म्हणजे डी.सी. होते व बॅटरीत साठते. हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा या बॅटरीवर चालतात. रेग्युलेटर आणि रेक्टिफायर पुष्कळदा एकाच डबीत असतात. इंजिनाचा वेग वाढला तरी विजेचा दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणे, हे रेग्युलेटरचे काम होय.

याउलट जुन्या बुलेट, येझदी यांसारख्या बहुतेक गाड्यांत पुढचा दिवाही बॅटरीच्या मार्गावर असतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी व दिव्याचा स्विच लावावा. पुढचा दिवा लागला तर तो बॅटरीवर चालतो. इंजिन सुरू केल्यावरच लागला तर तो सरळ कॉइलवर चालतो. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे, कॉइलवर चालणारा दिवा मंद झाला म्हणून नवी बॅटरी विकत घेणारे अनेक जण भेटतात. बॅटरी नवी येते आणि दिवा होता तसाच राहतो.

विजेचे वागणे पाटाच्या पाण्याच्या उपमेने समजते. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी आणि वायर म्हणजे पाट. मात्र एक फरक ध्यानी ठेवावा. पाणी पिकाला पोचले की त्याचे काम संपते. वीज दिव्यापर्यंत जाऊन पुन्हा उगमाकडे परतली, तरच दिवा लागतो. ही परतीची वाट मोटरसायकलमध्ये बहुधा गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून व अर्थच्या वायरीतून जाते. तिलाच आपण अर्थ म्हणतो. जाण्याची वाट सर्वजण तपासतात. परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाही, आणि जुन्या गाडीत दोष फार वेळा तेथेच असतो.

जवळ ठेवावयाची साधने

मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. पेचकस, पक्कड, बारीक पॉलिशपेपर, इन्सुलेशन टेप, दोन हात लांबीची एक सुटी वायर आणि एक टेस्ट लँप एवढे पुरेसे आहे. टेस्ट लँप घरी करता येतो. इंडिकेटरच्या किंवा मागच्या दिव्याच्या 12 व्होल्टच्या बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडाव्यात, एका टोकाला चिमटा व दुसऱ्या टोकाला अणकुचीदार तार बसवावी. गाडी 6 व्होल्टची असेल तर बल्बही 6 व्होल्टचा घ्यावा. वीज मोजण्याचा साधा मीटर मिळाला तर उत्तम, परंतु त्यावाचून अडत नाही.

काम उघड्या जागेत करावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. पेट्रोल गळत असेल तर ते प्रथम थांबवावे, कारण सुट्या वायरीची ठिणगी पेट्रोलला पेटवू शकते. बॅटरी सोडावयाची असेल तर तिचे जे टोक सांगाड्याला जोडलेले असेल ते आधी सोडावे व बसवताना ते शेवटी जोडावे. आजच्या बहुतेक गाड्यांत हे ऋण टोक असते.

प्रथम पाहणी

पेचकस हातात घेण्यापूर्वी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी. हॉर्न खणखणीत वाजतो काय? इंडिकेटर नीट उघडझाप करतात काय? ब्रेक दाबल्यावर मागे दिवा लागतो काय? या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर बॅटरी व तिचा फ्यूज ठीक आहे असे समजावे.

2. इंजिन सुरू करून दिव्याचा स्विच लावावा. पुढचा, मागचा व मीटरचा असे तिन्ही दिवे पाहावेत. डिपर वर-खाली करून पाहावा.

3. दिवा लावलेला ठेवून हँडल हळूहळू एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस पूर्ण वळवावे. दिवा मध्येच लुकलुकला तर हँडलच्या मानेजवळ वायर तुटलेली किंवा घासलेली आहे.

4. आसन, मागचा मडगार्ड व हेडलाइटची डबी हाताने हलकेच हलवून पाहावी. हलवताच दिवा कमी-जास्त झाला तर तेथील जोड सैल आहे.

या पाहणीस पाच मिनिटे लागतात. कोणते दिवे एकदम गेले व कोणते चालू आहेत, यावरून दोषाची जागा निम्मी कळून येते. बांधावरील शेवटच्या वाफ्यालाच पाणी पोचत नसेल तर आपण विहिरीवर धावत नाही, त्या वाफ्याचा पाट पाहतो. सर्वच वाफे कोरडे असतील तर मात्र मोटार पाहतो. येथेही हाच न्याय आहे.

पुढचा दिवा लागत नसल्यास

डिपरच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूला दिवा लागत नसेल, तर बल्बमधील त्या बाजूची तार तुटली असावी किंवा डिपरचा स्विच खराब झाला असावा. दोन्ही बाजू गेल्या असून मागचा दिवा चालू असेल, तर दोष हेडलाइटच्या डबीत किंवा डिपरपाशी आहे. पुढचा, मागचा व मीटरचा असे तिन्ही दिवे एकदम गेले असतील, तर दिव्याचा मुख्य स्विच, वायरींचे मुख्य कपलर, रेग्युलेटर किंवा कॉइल यांकडे वळावे. अशा वेळी तिन्ही बल्ब एकदम उडाले नाहीत ना, हेही पाहावे.

जागेचा अंदाज आल्यावर पुढील क्रम धरावा.

प्रथम बल्ब काढून पाहावा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर बल्ब गेला आहे. डोळ्यांना कळत नसेल तर दोन वायरींनी तो बॅटरीला लावून पाहावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहिले तर त्या जागी काच अधिक तापते व बल्बचे आयुष्य घटते. बोट लागलेच तर काच स्पिरिटने पुसून घ्यावी.

बल्ब चांगला निघाला तर होल्डर पाहावा. त्यातील पितळी पत्त्या दबलेल्या, काळवंडलेल्या किंवा हिरवट झालेल्या असल्यास त्या घासून चकचकीत कराव्यात व दबलेली पत्ती किंचित उचलावी. नंतर टेस्ट लँपचा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला लावून इंजिन सुरू करावे, दिव्याचा स्विच लावावा व टेस्ट लँपचे टोक होल्डरच्या पत्तीला टेकवावे. लँप लागला तर वीज होल्डरपर्यंत येत आहे, दोष परतीच्या वाटेत म्हणजे अर्थमध्ये आहे. लँप लागला नाही तर डिपरच्या स्विचकडे जावे. स्विचला येणाऱ्या वायरीत वीज आहे आणि निघणाऱ्या वायरीत नाही, असे आढळल्यास स्विच सदोष आहे. तो उघडून आतील तांब्याचे ठिपके साफ करावेत. येणाऱ्या वायरीतही वीज नसेल, तर त्याच पद्धतीने एकेक जोड मागे मागे तपासत रेग्युलेटरपर्यंत यावे. ज्या दोन जागांपैकी एकीत वीज आहे आणि दुसरीत नाही, त्या दोहोंमध्येच दोष असतो. येथे तर्काला वाव नाही आणि फार वेळही लागत नाही.

होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थची व पिवळी वायर दिव्याच्या ए.सी. विजेची असते. तथापि जुन्या गाडीत मध्येच कोणी दुसऱ्या रंगाची वायर जोडलेली असू शकते, म्हणून केवळ रंगावर विसंबून राहू नये.

दिवा मंद जळत असल्यास

ए.सी. वर चालणारा दिवा इंजिन सावकाश फिरत असताना थोडा मंद असणे स्वाभाविक आहे. वेग वाढवूनही तो पिवळट व क्षीण राहत असेल, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे असे समजावे.

हा अडथळा किती लहान असला तरी किती नुकसान करतो, ते पाहण्यासारखे आहे. 12 व्होल्टवर जळणारा 35 वॉटचा बल्ब सुमारे 3 अँपिअर वीज घेतो व त्याचा रोध सुमारे 4 ओहम असतो. एखाद्या गंजलेल्या जोडाने केवळ 1 ओहम रोध निर्माण केला, तर बल्बला मिळणारा दाब सुमारे एक पंचमांशाने घटतो. दाब एक पंचमांशाने घटला की प्रकाश निम्म्यापर्यंत उतरतो. 6 व्होल्टच्या जुन्या गाडीत तर तेवढ्याच नुकसानीस पाव ओहम रोधही पुरतो. म्हणून जुन्या गाडीत जोड जितके स्वच्छ तितका दिवा तेजस्वी, हा नियम समजावा.

अडथळा जाण्याच्या वाटेत आहे की परतीच्या, हे सुट्या वायरीने कळते. दिवा चालू असताना वायरीचे एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट धरावे व दुसरे टोक बल्बच्या होल्डरच्या अर्थच्या भागाला टेकवावे. दिवा तत्काळ उजळला तर अर्थ खराब आहे. हीच वायर कधीही विजेच्या पत्तीला टेकवू नये.

काही जुन्या गाड्यांत हेडलाइटची परतीची वाट हँडलच्या मानेतील छर्ऱ्यांमधून जाते. ग्रीस, धूळ व गंज यांमुळे ती वाट विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी होल्डरपासून सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र वायर टाकावी. तिच्या टोकाला थिंबल बसवावे आणि बोल्टखालचा रंग खरवडून ते कसावे. रंगावर कसलेली अर्थ ही अर्थच नव्हे. कसून झाल्यावर बाहेरून थोडे व्हॅसलीन लावल्यास गंज चढत नाही.

सर्व जोड स्वच्छ करूनही सर्वच ए.सी. दिवे मंद राहिले, तर रेग्युलेटर किंवा कॉइल सदोष असू शकते. त्याची परीक्षा मीटरने करावी लागते. दिवा चालू ठेवून मध्यम वेगाने इंजिन फिरवले असता होल्डरपाशी सर्वसाधारणपणे 12 ते 14 व्होल्ट ए.सी. मिळावयास पाहिजेत. कॉइल बदलण्याचे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

बल्ब वारंवार जात असल्यास

नवा बल्ब महिन्याभरात गेला तर तो बल्बचा दोष असू शकतो. दुसराही लवकर गेला तर बल्बला दोष देणे सोडून रेग्युलेटरकडे वळावे. रेग्युलेटर जादा वीज अर्थकडे वळवून दाब आवरतो. त्याची अर्थची वायर सुटली, ढिली झाली किंवा गंजली, तर दाब आवरला जात नाही आणि इंजिनाचा वेग वाढताच बल्बची तार वितळते. पुढचा बल्ब गेला की त्याच्या वाट्याची वीज मागच्या दिव्यावर येते व तोही लगेच जातो. मग रस्त्यावर समोर अंधार आणि मागून येणाऱ्यासही गाडी अदृश्य, अशी दुहेरी आपत्ती ओढवते. म्हणून विझण्यापूर्वी दिवा प्रखर झाला होता काय, हा प्रश्न कारागिराने व मालकाने अवश्य विचारावा. रेग्युलेटरचे कपलर काढून, साफ करून पुन्हा घट्ट बसवावे व त्याचा बोल्ट कसावा. एवढे करूनही दोष गेला नाही तरच रेग्युलेटर बदलावा.

बल्ब होल्डरमध्ये हलत असेल किंवा हेडलाइटची डबी थरथरत असेल, तर धक्क्यांनीही तार तुटते. डबीचे रबर व स्क्रू पाहण्यास विसरू नये.

मागचा दिवा व ब्रेकचा दिवा

पुढचा दिवा गेला तर चालकास तत्काळ कळते. मागचा दिवा गेला तर तो सोडून बाकी सर्वांना कळते, आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकास ते फार उशिरा कळते. म्हणून निघताना मागचा दिवा डोळ्यांनी पाहणे हा नेम असावा.

या दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक नेहमीच्या दिव्याची व दुसरी, अधिक वॉटची, ब्रेकची. बल्बच्या दोन खिळ्यांची उंची कमी-अधिक असते. तो उलटा दडपून बसवला तर दिव्यांची अदलाबदल होते. ब्रेक दाबताच नेहमीचा दिवा मंद होत असेल, किंवा इंडिकेटर लावल्यावर मागचा दिवाही त्याच तालात लुकलुकत असेल, तर हे खराब अर्थचे निश्चित लक्षण समजावे. परतीची वाट न मिळालेली वीज दुसऱ्या तारेतून वाट काढते, त्यामुळे असे घडते.

ब्रेकचा दिवा लागतच नसेल तर पायब्रेकजवळील स्विच व त्याची स्प्रिंग पाहावी. चिखलाने स्विच अडकतो किंवा स्प्रिंग निसटते. दिवा सतत लागून राहत असेल तर स्विचची चकती फिरवून तो जुळवावा, अन्यथा बॅटरी उतरते.

इंडिकेटर व बॅटरी

एका बाजूच्या इंडिकेटरची गती बदलली, किंवा तो उघडझाप न करता नुसताच लागून राहिला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो, कमी वॉटचा असतो किंवा त्याची अर्थ खराब असते. दोन्ही बाजू बंद असून हॉर्न वाजत असेल तर फ्लॅशर तपासावा.

हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा असे सर्वच मंद असतील तर बॅटरीकडे वळावे. 12 व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, सुमारे 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12 व्होल्टच्या खाली आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन मध्यम वेगाने फिरताना तिच्या टोकांवर सुमारे 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा वाढतच नसेल तर बॅटरी भरली जात नाही. 15 च्या वर जात असेल तर ती जादा भरली जाऊन खराब होते. ज्या बॅटरीत पाणी घालावे लागते तिच्यात दोन रेघांच्या मध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी घातल्यास बॅटरीचा नाश होतो. बॅटरीजवळ विडी वा काडी पेटवू नये. आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

टाळावयाचे उपाय

दिवा मंद म्हणून अधिक वॉटचा बल्ब बसवण्याची चाल फार पसरली आहे. 35 वॉटसाठी बनवलेल्या कॉइलवर 60 वॉटचा बल्ब लावला तर कॉइल तेवढी वीज देऊ शकत नाही. दिवा अधिकच मंद होतो, होल्डर वितळतो व स्विच जळतो.

फ्यूज जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालणे, हा तर आगीला दिलेला आवतणाचा विडाच होय. फ्यूज हा वायरींचा राखणदार आहे. तो गेला याचा अर्थ कोठेतरी वायर सांगाड्याला चिकटली आहे. ती शोधून टेप गुंडाळावी व फ्यूजवर लिहिलेल्या अँपिअरचाच नवा फ्यूज घालावा. पेट्रोलच्या टाकीखालूनच बहुतेक वायरी जातात, हे विसरू नये.

बाजारात एल.ई.डी. बल्ब मिळतात. त्यांपैकी डी.सी. साठी बनवलेला बल्ब ए.सी. वरील दिव्यात घातल्यास तो लुकलुकतो किंवा जळतो. वायर नुसती पिळून टेप लावणे हाही तात्पुरताच उपाय आहे. असा जोड शक्य तितक्या लवकर थिंबलने किंवा डाख देऊन पक्का करावा.

शेतकऱ्याच्या गाडीची विशेष काळजी

शेतकऱ्याच्या मोटरसायकलला शहरातील गाडीपेक्षा अधिक सोसावे लागते. गाडी गोठ्यात उभी करण्याची पद्धत आहे. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया तांबे व पितळ खातो आणि जोडांवर हिरवट थर चढवतो. शक्य असेल तर गाडी गोठ्याबाहेर छपराखाली लावावी. खताचे पोते वाहिल्यावर सांडलेले खत ओलीने पाझरून वायरींपर्यंत जाते, म्हणून ते पुसून काढावे. धान्याच्या खोलीत गाडी ठेवली तर उंदीर वायरी कुरतडतात. धुताना पंपाच्या पाण्याचा झोत स्विच व हेडलाइटवर मारू नये.

कडब्याच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या किंवा फवारणीचा पंप मागे बांधताना दोन गोष्टी पाहाव्यात. मागचा दिवा झाकला जात नाही ना, आणि दोरी मडगार्डवरील वायरीवर आवळली जात नाही ना. मागे ओझे असले की गाडीचे तोंड वर उचलले जाते व पुढच्या दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ओझे नेहमीचे असेल तर दिवा थोडा खाली झुकवून कसावा.

वाटेत दिवा गेला तर

रात्री वाटेत दिवा गेल्यास वेग कमी करून गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी. बॅटरी ठीक असेल तर इंडिकेटर चालू ठेवावेत, म्हणजे मागून येणाऱ्यास गाडी दिसते. प्रथम बल्ब, होल्डर व कपलर हलवून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच दिवा लागतो. न लागल्यास अंधारात गाडी हाकत नेण्यापेक्षा दुसऱ्या गाडीची सोबत मिळेपर्यंत थांबणे किंवा जवळच्या वस्तीवर मुक्काम करणे श्रेयस्कर. आसनाखाली पुढचा व मागचा असे दोन बल्ब, एक फ्यूज, एक हातबत्ती आणि थोडी टेप कायम असावी. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक लावण्यास अल्प खर्च येतो, आणि सर्व वीज गेली तरी तो आपले काम करतो.

1 एप्रिल 2017 पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागण्याची सक्ती झाली आहे. त्यापूर्वीच्या गाड्यांत दिवा लावणे आणि तो लागतो की नाही हे पाहणे, दोन्ही मालकाच्याच हाती आहे.

कार्यकर्त्यांनी हा विषय आपल्या गावच्या बैठकीत अवश्य घ्यावा. बैठक संपल्यावर दारात उभ्या असलेल्या मोटरसायकली एकेक करून सुरू कराव्यात, मागचे दिवे सर्वांनी मिळून पाहावेत आणि जी गाडी सदोष आढळेल तिच्यावर तेथेच या क्रमाचे प्रात्यक्षिक करावे. त्या रात्री घरी परतणारा प्रत्येक जण पुढे पाहू शकेल आणि मागून येणाऱ्यास दिसू शकेल, तर त्या बैठकीचे चीज झाले असे समजावे.